जांभळेमामाच्या अंगाचा वास

जांभळेमामा गाडी डोळ्यांनी बघत नसे. गिऱ्हाईक गाडी लावून खाली उतरलं की तो खिशातून एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढायचा, हातात मोज्यासारखी चढवायचा आणि डोळे मिटून बॉनेटवरून हात फिरवायचा. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई फिरवते तसा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो म्हणे. हात दारापर्यंत आला की मामा डोळे उघडायचा आणि विचारायचा, "बंदरावरची हाय ना?"

बहुतेक वेळा असायचीच. न्हावा शेव्याच्या बाजूला रूळ, क्रेन, कंटेनर अखंड घासत असतात. त्यातून उडालेला लोखंडाचा बारीक कीस गाड्यांच्या रंगात रुतून बसतो आणि खारी हवा लागली की गंजून नारिंगी ठिपके उठतात. चाकांवर तर ब्रेकचा कीस असतोच. मामा त्यावर बाटलीतलं औषध फवारायचा. पाण्यासारखं नितळ औषध, पण लोखंडाला लागलं रे लागलं की जांभळं होऊन ओघळायला लागायचं. म्हणून तो जांभळेमामा. त्याचं खरं आडनाव वेगळं होतं, पण माझ्या लॉजवरचे पाहुणे त्याला बिनदिक्कत 'जांभळे साहेब' म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा.

मुरुडला माझं छोटं लॉज आणि खानावळ आहे. मामाची पत्र्याची शेड माझ्या नारळाच्या वाडीला लागून, आणि शेडच्या मागे त्याचं घर. तो माझ्या आईच्या गावचा, म्हणून मामा. जातीचा कोळी, पण होडीत पाय ठेवला की ओकायचा. त्याच्या बापानं कपाळावर हात मारून घेतला आणि त्याला उरणकडे कामाला धाडलं. तिथे जहाजावर चढणाऱ्या नव्या कोऱ्या गाड्या पुसण्याचं काम तो वर्षानुवर्षं करत होता, मग मुरुडला येऊन त्यानं ही शेड टाकली. दर्या आपल्याला मानवला नाही हे तो स्वतःच हसत सांगायचा. "आमच्या घरान्यातला मी येकटाच, जो कोरड्यावर बुडाला."

कामात मात्र त्याला घाई चालत नसे. कुणी ठिपके नखानं खरवडायला लागला की मामा त्याचा हात धरायचा. "धूळ बसते, लोखंड घुसतं. बसलेल्याला पान्यानं उठवावं. घुसलेल्याला हळू बोलवावं लागतं, भांडून न्हाय येत ते." एकदा एका नवरदेवाची पांढरी गाडी वरातीआधी धुवायला आली. औषध मारलं आणि बॉनेटवरून जांभळे ओघळ सुटले. नवरदेवाची आत्या हातात नारळ घेऊन उभी होती, ती मटकन खालीच बसली. म्हणाली, गाडी नासली, अपशकुन झाला. मामानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "आत्याबाय, गाडी रडतेय. रडू द्या. लोखंड निघालं की गप होईल." गाडी धुऊन निघाली तेव्हा आत्याबाई तिच्यात तोंड बघून केस नीट करत होत्या.

आता वासाचं. ते औषध जांभळं झालं की जो वास सुटायचा, तो नासलेल्या अंड्यांचा. खारवलेली मासळी वाळत घातलेल्या गल्लीत आम्ही लहानाच्या मोठ्या झालो, नाकं काही नाजूक नाहीत आमची, पण मामाच्या औषधापुढे सुकटसुद्धा अत्तर वाटायची. नेमकी जेवणाची वेळ साधून तो फवारायचा आणि माझे पाहुणे ताटातली अंडाकरी बाजूला सारायचे. मी कुंपणाशी जाऊन तोंडाचा पट्टा सोडून भांडायचे. तो बाटली खाली ठेवून सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "उरली काय करी? दे इकडं."

मामी त्या वासानं माझ्याहून जास्त कावलेली. तो घरी आला की उंबऱ्याबाहेरच थांबवायची. बाहेरच्या दगडावर अर्धं लिंबू ठेवलेलं असायचं. "हात धुवा आधी," हे तिचं रोजचं स्वागत. तो कोपरापर्यंत हात घासायचा, सदरा बदलायचा, मग आत. पण एक होतं. तो आल्याशिवाय ती कधी जेवली नाही. मामाला गाडीपायी कितीही उशीर होवो, मामी भांडी झाकून दारात बसलेली. मी जेवायला बोलावलं की म्हणायची, "ते आल्यावर बघू." मुलगी नंदा उरणला दिली, त्यानंतर घरात ही दोघंच.

मग मामी विसरायला लागली. आधी मीठ, मग बाजारातून घरी यायची वाट, मग माझं नाव. आम्ही सगळे हसण्यावारी नेत होतो. एके दिवशी मामा आगरदांड्याला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता. आंघोळ केलेला, इस्त्रीचा सदरा, वर अत्तराचं बोट. परत आला तर मामीनं दार अडवलं. "कोन तुमी? घरात बाईमानूस येकटं हाय. मानूस आल्यावर या." मामाला वाटलं थट्टा करतेय. तिनं आतून कडी घातली.

तो शेडमध्ये येऊन बसला. एक गाडी आली म्हणून त्यानं चाकं धुतली, आणि तसाच, लिंबू न लावता, घाणेरड्या हातांनी दाराशी जाऊन उभा राहिला. कडी निघाली. "आलाव तुमी? हात धुवा आधी," मामी म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली.

हे मला सांगताना मामा हसायला लागला आणि मधेच त्याला हसता येईना. त्या दिवसापासून दगडावरचं लिंबू सुकून गेलं. मामी हात धुवा म्हणायची, तो नुसतं पाणी लावल्यासारखं करायचा आणि वास अंगावर ठेवूनच तिच्याशेजारी जेवायला बसायचा. ज्या वासापायी आयुष्यभर उंबऱ्याबाहेर उभा राहिला, त्याच वासावर त्याला घरात प्रवेश होता. मी कुंपणाशी जाऊन भांडायचं सोडून दिलं.

पण ते औषध छातीत उतरत होतं. वाऱ्यानं फवारा उडू नये म्हणून त्यानं शेडच्या तिन्ही बाजू बंद केलेल्या, तोंडाला फडकं बांधायचा कंटाळा. खोकला सुरू झाला, मग धाप. अलिबागच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून स्वच्छ सांगितलं की हे काम आजच बंद करा, नाहीतर फुप्फुसं हाती लागणार नाहीत. मामानं ऐकलं. शेडला कुलूप लावलं. खोकला जरा बसला, आणि मामीनं त्याला ओळखणं बंद केलं.

ती त्याला घरात राहू द्यायची, पाहुणा म्हणून. त्यानं ताट वाढून पुढे ठेवलं की पदर सावरून म्हणायची, "तुमी जेवा. माझं ते आल्यावर." आणि दारात जाऊन बसायची. तो समोर बसलेला, आणि ती त्याची वाट बघत उपाशी. मी भरवून पाहिलं, नंदा येऊन रडून गेली. मामी अंगानं खंगायला लागली तेव्हा मामानं शेडचं कुलूप काढलं.

मी त्याला अद्वातद्वा बोलले. म्हटलं, मरायचंय का तुला? सदऱ्याला थोडं लाव आणि जा घरात, गाड्या कशाला धुतोस? तो म्हणाला, "बघितलं तसं करून. नुसत्या औषधाला हा वास नसतो पोरी, त्याला लोखंड लागतं." मग शेडच्या खांबाला टेकून श्वास गोळा करत म्हणाला, "श्वास काय, थोडा कमी घेईन. पन तिनं मला घरात घेतलं पायजे."

त्याला सलत होतं ते वेगळंच. एका दुपारी चाक धुता धुता तो आपणहून बोलला. "ती मला न्हाय ओळखत गं. ह्या वासाला ओळखते. उद्या दुसरा कोनी हा वास लावून दारात उभा ऱ्हायला तर त्यालाबी 'आलाव' म्हनेल, त्यालाबी वाढेल. इतकी वर्सं संसार केला, आन मी कोन? तर बाटली." मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला काही सुचलं नाही. चाकातून जांभळं पाणी गळत होतं, त्यानं बाटली पुढच्या चाकाकडे वळवली.

थंडीत त्याला अलिबागला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी मामीला भेटायला घेऊन गेले. दवाखान्यात त्याला रोज पुसून काढत होते, अंगाला फिनेलचा आणि साबणाचा वास. मामी खाटेजवळ उभी राहिली, त्याच्या तोंडावरच्या नळीकडे बघितलं, पायावरची चादर नीट केली आणि मला म्हणाली, "कोन बिचारा? ह्याच्या घरच्यांना कळवलंय का कोनी?" मामा जागा होता. त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली, कळवलंय म्हणून. दोन दिवसांनी तो गेला.

नंदा येऊन राहिली. मामीला सांगितलं, दाखवलं, सगळं तिच्यासमोर झालं, पण तिच्या लेखी कोणी परका गेला होता. ती दारात बसून राहिली. पाणी घ्यायची, घास नाही. नंदाच्या हातचं नाही, माझ्या हातचं नाही. शेवटी मी शेड उघडली. माझ्याच गाडीच्या चाकावर, मामासारखं सावलीत, औषध मारलं. जांभळं पाणी मामाच्या सदऱ्याला पुसलं, तो सदरा अंगात घातला आणि नंदानं वाढलेलं ताट घेऊन दारात गेले. मामा म्हणाला तसंच होईल, ती मला 'आलाव' म्हणेल आणि चार घास खाईल, एवढाच माझा हिशोब होता.

मामी आता दारातून उठून आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. वास आला तशी उठली. डोक्यावर पदर घेतला, तोंडावरून हात फिरवला आणि मागे वळली. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. मग तिनं मला बघितलं. माझ्या मागे बघितलं, अंगणात बघितलं. जवळ येऊन सदऱ्याची बाही हातात धरली.

"वास त्यांचा हाय," ती म्हणाली. "सदराबी त्यांचाच. ते कुठं हायत?"

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "मामी, मामा गेला." या वेळी तिला समजलं. तिनं सदऱ्याची बाही सोडली नाही, आणि दवाखान्यात, स्मशानाच्या वाटेवर, कुठेच जी रडली नव्हती, ती उंबऱ्यावर बसून रडली.

नंदानं नंतर तिला उरणला नेलं. तिथे ती आता थोडं खाते, असं नंदा फोनवर सांगते. शेड बंद आहे. मला मात्र त्या दुपारचं शेडमधलं त्याचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकू येतं, आणि तेव्हा न सुचलेलं उत्तर आता माझ्याजवळ आहे, पण ऐकायला तो नाही.

मामा, मी तुझा वास लावून दारात उभी राहिले होते. तिनं मला 'आलाव' म्हटलं नाही रे.