फुलांचं वाळवण

माझं माहेर आटपाडीकडचं आणि सासर पलूसजवळ, नदीकाठचं. माहेरी पाणी थोडं आणि ऊन भरपूर, त्यामुळे हाताला लागेल ते आम्ही वाळवायचो. गवार, मेथी, बोरं, मिरच्या. सासरी जिकडं बघावं तिकडं ऊस. तुम्हांला पाण्याची कदर नाही, असं मी लग्नानंतर लगेचच बोलून दाखवलं आणि सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. राग दोघींच्याही नाकावर, त्यामुळे आमच्या घरात कुणी कुणाला दबून राहत नाही.

नवरा फौजेत आहे. सासरेही फौजेतच होते. ते आता नाहीत. नवऱ्याची सुट्टी बहुतेक वेळा मे महिन्यात पडते, आणि माझी फुलं पौषात येतात.

उसाच्या कडेला एक चिंचोळी पट्टी रिकामी होती, ती मी मागून घेतली. दसऱ्याच्या सुमारास रोपं लावते. अस्टर आणि झिनिया ताज्या गुच्छांसाठी. बटनफूल आणि कागदी फूल वाळवण्यासाठी. कागदी फुलाच्या पाकळ्या झाडावर असतानाच कुरकुरीत लागतात, हात लावला की कोऱ्या वहीचं पान उलटल्यासारखा आवाज होतो. पौष-माघात ती पट्टी अशी पेटते की उसाला पाणी द्यायला निघालेली माणसंही घटकाभर बांधावर थांबतात.

फक्त ज्यानं बघावं असं मला वाटायचं, त्यानं ती कधीच फुललेली पाहिली नव्हती. तो यायचा तेव्हा तिथं काटक्या असायच्या. मी फोनवर फोटो पाठवायची. एकदा तो म्हणाला, "फोटोत काय, समदंच झ्याक दिसतंय." त्याला काही टोचायचं नव्हतं, पण मला ते टोचलं. मग मी ठरवलं, की यंदा ह्याच्या हातातच पौष द्यायचा.

कागदी फूल पुरतं उमलायच्या आत कापावं लागतं. दव उडून गेल्यावर कापायचं, पानं ओरबाडून काढायची आणि जुडी बांधून उलटी टांगायची, म्हणजे दांडे सरळ राहतात. अंधार हवा, नाहीतर रंग उडतो. खताची पोती ठेवायची खोली मला बरी वाटली. आत्याबाई दारातून बघून म्हणाल्या, "उलटं टांगलंयस ते? मधी एक लिंबू बी बांध की."

मी हसण्यावारी नेलं. तिथंच चुकलं.

पाडव्याच्या आधी मी माहेरी जाऊन आले. परत येते तर खोली झाडून सारवल्यासारखी स्वच्छ, आणि वासे मोकळे. आत्याबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "सुकलेलं फूल घरात ठिवू न्हाई. पोरगं सुट्टीवर येणार, आन् घरात निर्माल्य टांगलेलं? घाटावर सोडून आले. हात जोडून सोडलं, उगं फेकलं न्हाई."

त्यांनी हात जोडले होते, ह्यात मला काडीचीही शंका नाही. लेकरू सुखरूप घरी यावं म्हणूनच त्यांनी ते केलं होतं. नदीकाठच्या बाईला फूल म्हणजे सकाळी देवाला आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला, हे एवढंच ठाऊक. हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी मी चप्पल न घालताच घाटाकडे निघाले.

घाटावर निर्माल्यासाठी सिमेंटचा हौद आहे. त्यात दूर्वा, हार, नारळाच्या शेंड्या, आणि वर कुणीतरी कलशातलं पाणी ओतलेलं. बटनफुलं पार चिखलात गेली होती. कागदी फुलांची एक जुडी तेवढी हाताला लागली, पण ती भिजून पुन्हा कळ्यांसारखी मिटली होती. धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "आवं, निर्माल्य परत घरी नेत न्हाईत." मी जुडी पदराआड घेतली. वाटेत मात्र रडले. एवढीशी जुडी, पण माझा सगळा हिवाळा त्यात होता.

घरी येऊन मी ती न्हाणीत, पाणी तापवायच्या चुलीवरच्या दोरीला अडकवली. आत्याबाईंनी बघितलं आणि पाठ फिरवली.

सकाळी त्यांचीच हाक आली. "अगं, हिकडं ये. जुडी बदललीस व्हय?"

सगळी फुलं उघडली होती. पिवळी, तांबडी, जशी पट्टीत होती तशीच.

"न्हाई आत्याबाई, तीच हाय. वल लागली की मिटत्यात, वाळली की उघडत्यात."

त्यांनी एका फुलाला बोट लावलं, ते कुरकुरलं तसं बोट मागं घेतलं. पुन्हा एकदा लावून बघितलं. मग म्हणाल्या, "निर्माल्य काय परत उमलत न्हाई. म्हंजे ह्ये वाळवण." आणि हंडा भरायला गेल्या. आमच्या घरात वाळवणाला कुणी हात लावत नाही.

मे महिन्यात फोन आला, सुट्टी रद्द झाली. कधी मिळेल ते त्यालाही माहीत नव्हतं. मी चिडले, दिवसभर भांडी आपटली. आत्याबाईंना ह्या बातमीची जुनी सवय. त्यांनी फक्त जुडी उतरवून कुरडयांच्या डब्यात ठेवली. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्या आपणहून म्हणायच्या, "फुलं सादळली असतील," आणि चुलीवर टांगायच्या.

तो श्रावणात आला. आदल्या दिवशी बघते तर आत्याबाई जुडी पाण्यात बुडवत होत्या. मी ओरडणार, तेवढ्यात म्हणाल्या, "रातभर भिजू दे. उमललेलीच दावलीस तर म्हणंल, फोटोवानीच हाय."

सकाळी तो अंघोळ करून चुलीजवळ पाटावर बसला, हातात चहा. वर मिटलेली जुडी. आधी त्याचं लक्षच नव्हतं. मग एक फूल जरासं सैल झालं, मग शेजारचं. तो बघत राहिला आणि चहावर साय धरली.

"ह्ये कवाचं, आये?"

"पौषातलं. तुझ्या बायकूनं ठिवलंय."

आत्याबाईंनी चुलीत एक चिपाड सारलं. विस्तवाकडंच बघत म्हणाल्या, "तुझ्या बापासाठी मी सांडगं ठिवलं, कुरडया ठिवल्या. फूल ठिवायचं मला कवा सुचलंच न्हाई."