भाऊजींचं 'विदाउट'

माझ्या ताईचे यजमान इंग्रजी शिकवायचे. शाळेत तर शिकवायचेच, पण संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांचाही वर्ग घ्यायचे. दुकानात, दवाखान्यात, कचेरीत काम करणारी माणसं चार वाक्यं धड बोलता यावीत म्हणून यायची. त्यांनीच भाऊजींचं नाव 'इंगसर' पाडलं. क्रियापदाला लागणारं ते 'इंग' म्हणजे भाऊजींचा जीव की प्राण!

"मराठीत आपण 'विचारल्याशिवाय' म्हणतो," फळ्यावर खडू आपटत ते सांगायचे. "त्यातलं 'शिवाय' क्रियापदाच्या शेपटाला चिकटतं. इंग्रजीत तेच सुटं होऊन पुढे उभं राहतं, 'विदाउट'. आणि त्याच्यानंतर येणाऱ्या क्रियापदानं 'इंग' लावूनच यायचं. विदाउट?"

"आस्किंग!" वर्ग ओरडायचा.

"बिफोर?"

"गोइंग!"

मी शेजारच्या गल्लीत शिवणकाम करते. येता-जाता हे कानावर पडायचंच. मी मेहुणी, त्यामुळे त्यांची टिंगल करायचा हक्क माझा. एकदा विचारलं, "भाऊजी, वॉशिंग मशीन म्हणजे धुणं धुत असलेलं मशीन ना?"

"नाही गं बाई. धुण्यासाठीचं मशीन. आपलं बंद पडलंय, तरी ते वॉशिंग मशीनच."

"मग आधी ते दुरुस्त करा. ताई मागे हातानं धुतेय."

एका लग्नात दारात उभ्या असलेल्या वधूपित्यानं त्यांना 'थँक यू फॉर कम' म्हटलं. भाऊजींनी हात हातात घेतला तो सोडलाच नाही. "फॉर कमिंग," ते हळूच म्हणाले. ताईनं त्यांना असा चिमटा काढला की जेवताना ते दंड चोळत होते.

असा हा बोलका माणूस एका सकाळी दाढी करताना आरशासमोर खाली बसला. उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून नुसते आवाज यायला लागले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पाय हळूहळू टेकायला लागला, पण बोलणं मोडलं ते मोडलंच.

वाचा सुधारायला येणाऱ्या मॅडमनी ताईला आणि मला समोर बसवून समजावलं. "त्यांना तुमचं बोलणं जवळजवळ सगळं कळतंय. वस्तूंची नावंही बरीचशी येतील. पण नावांना आणि क्रियांना जोडणारे जे दुवे असतात, आधी, नंतर, शिवाय, ऐवजी, साठी, ते सापडत नाहीत."

ताई माझ्याकडे बघत राहिली. जन्मभर ज्यानं दुवेच शिकवले, त्याचे नेमके दुवेच गेले होते.

घरात त्याचा अर्थ काय होतो, ते आम्हाला लवकरच कळलं. ते म्हणायचे, "गोळी... जेवण."

"जेवणाआधी की जेवल्यावर?" ताई विचारायची. "घेतली, की घ्यायचीय?"

"गोळी," ते परत म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एकदा ताईनं रक्तदाबाची गोळी दिली, ती त्यांनी आधीच घेतलेली होती. दुपारी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. त्या दिवसापासून ताईनं गोळ्या कुलपात ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. आपल्याला लहान मुलासारखं वागवतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

चालायला काठी आणली तेव्हा मी त्यांना हसवायला गेले. "भाऊजी, ही वॉकिंग स्टिक. म्हणजे चालणारी काठी ना?" त्यांचे ओठ हलले. उत्तर ठाऊक होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण शब्द आला नाही आणि ते ढसाढसा रडले. त्यानंतर मी त्या घरात थट्टा करणं सोडलं.

अशात ताईच्या लेकीचे दिवस भरत आले. ती दूर परगावी राहते, पहिलंच बाळंतपण, सासरी मायेचं बाईमाणूस कोणी नाही. रोज फोन यायचा, "आई, तू येतेस ना?" ताई म्हणायची, "बघू." यांना टाकून जायचं कसं? आणि तिकडे पोर एकटी, तिला नाही कसं म्हणायचं?

फोन ठेवला की भाऊजी तिच्याकडे बोट करायचे. "तू... जा."

"अहो, कुठे जाऊ? तुम्हाला कोण बघेल?"

"तू जा. मी... नको. नको! जा!" आवाज चढायचा. डाव्या हातानं ते तिला ढकलल्यासारखं करायचे.

ताईनं हे पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. मग तिचं हसणं बंद झालं. ती त्यांना वेळेवर जेवायला घालायची, अंग पुसायची, पण तोंडातून शब्द नाही. माझ्याकडे कापड द्यायला आली तेव्हा मशीनजवळच्या स्टुलावर बसून म्हणाली, "त्यांना मी नकोशी झालेय गं. कुलूप लावते, किल्ली लावते, त्याचा राग असणार. तोंडावर सांगतात, जा म्हणून." मीही ते ऐकलं होतं. दुसरा अर्थ मलाही लागत नव्हता.

त्याच आठवड्यात बँकेतली कॅशियर बाई भेटायला आली. पूर्वी संध्याकाळच्या वर्गाला यायची. भाऊजींची अवस्था बघून ती गडबडली, आणि बोलायला काहीच सुचेना म्हणून जुन्या सवयीनं म्हणाली, "सर, विदाउट?"

"आस्किंग," भाऊजी म्हणाले.

आम्ही सगळे थिजलो. तिनं घाबरत पुढे विचारलं, "बिफोर?"

"गोइंग."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "घोकून पक्क्या झालेल्या जोड्या कधीकधी वाचतात, जसं एक-दोन-तीन म्हणता येतं. पण आपल्याला वेगळा फायदा आहे. मराठीतले दुवे शब्दांच्या शेपटाला चिकटलेले, ते त्यांना सुटे धरता येत नाहीत. इंग्रजीत ते सुटे उभे असतात. सुट्या शब्दावर बोट ठेवता येतं. बघू तर."

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत पाच-सहा शब्द लिहिले. बिफोर, आफ्टर, विदाउट, इन्स्टेड ऑफ, फॉर. भाऊजींना नीट यायला वेळ लागला. चुकायचे, चिडायचे, खडू फेकायचे. पण गोळीच्या वेळी त्यांचं बोट 'आफ्टर'वर जायला लागलं.

एका दुपारी मॅडम आल्या तेव्हा ताई चहा ठेवून तशीच उभी राहिली. "मला काही शिकायचं नाही," ती म्हणाली. "त्यांना एवढंच विचारा, मला घराबाहेर का काढायचंय?"

भाऊजींनी मान जोरजोरात हलवली. काठी न घेताच उठले, फळ्यापर्यंत गेले आणि 'विदाउट'वर तळहात आपटला. "तू जा," ते म्हणाले आणि पुन्हा आपटला.

"विदाउट काय, सर?" मॅडमनी विचारलं. "ईटिंग? आस्किंग? टेलिंग?"

नाही, नाही, नाही. त्यांनी आपल्या छातीला हात लावला, मग कपाळाला. घाम फुटला होता. शेवटी फुटला तो एक शब्द. "वरी."

"विदाउट वरीइंग?"

ते फळ्याला टेकले आणि मान हलवत राहिले.

"म्हणजे काय?" ताईनं विचारलं. तिला इंग्रजी येत नाही.

"काळजी न करता," मॅडम म्हणाल्या. "माझी काळजी न करता लेकीकडे जा, असं म्हणतायत ते."

मला वाटलं, आता ताई रडेल. ती भडकली. "मग इतके दिवस मला ढकलत का होता? सांगायचं होतं तर हात धरायचा होता! त्याला कुठलं व्याकरण लागतं?" ती आत गेली आणि नळ सोडून भांडी आपटत राहिली. भाऊजी खाली मान घालून खुर्चीत बसले. तिचं म्हणणं त्यांना पुरतं कळलं होतं.

ताई लेकीकडे गेली. मी त्यांच्याकडे राहायला आले, मशीनसकट. नात झाल्याचा फोन आला तेव्हा मी तो त्यांच्या कानाला लावला. पलीकडून ताई बोलत होती. इकडे ते नुसते "हं, हं" करत होते आणि डाव्या हातानं माझा पदर घट्ट धरून होते. ताई नंतर मला म्हणाली, "त्यांनी एकदा तरी माझं नाव घेतलं असतं, तर बरं वाटलं असतं."

ती परत आल्यावर सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी म्हणणार नाही. वर्ग पुन्हा भरला नाही. भाऊजी आता तीन-चार शब्दांचं वाक्य जुळवतात. अनोळखी माणसं त्यांना दारू प्यालेला समजून फोन ठेवतात. ताईला अजून मधूनच शंका येते, तो रागही थोडाफार खरा असेल का? ती त्यांना विचारत नाही. गेल्या थंडीत पुन्हा एक लहान झटका आला आणि कष्टानं मिळवलेले काही शब्द परत गेले. डॉक्टर म्हणतात, अजूनही येऊ शकतो.

काल मी गेले तेव्हा दोघं पत्ते खेळत होते. ताई हरली होती आणि मान्य करायला तयार नव्हती. भाऊजींनी पानं पुढे सरकवली, तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.