उलट्या वेढ्याची माशी

थर्झामावशी मासे फसवायला गळावर रेशीम-पिसांच्या खोट्या माश्या बांधायची. आमच्या व्हार्फ नदीवर ट्राउट मासे धरणारे सगळे तिच्याकडेच यायचे आणि बहुतेक एकच माशी मागायचे, तित्तीर-नारिंगी. बारीक गळावर नारिंगी रेशमाचे वेढे, गळ्याशी तित्तिराच्या ठिपकेदार पिसाचा एक फेरा, बस. पाण्यावर तरंगणाऱ्या नटव्या माश्या शहरातल्या साहेबांना लखलाभ. ही बुडते. प्रवाहात पिसाचे केस हलतात आणि ट्राउटला वाटतं, बुडालेल्या किड्यात अजून धुगधुगी आहे.

हे सगळं तिला नवऱ्याने, एनॉकने शिकवलं. एका वसंतात तो फुगलेल्या नदीत उतरला आणि परत आला नाही. टोपी पुलाखालच्या मुळांत सापडली, तो नाही. बुडाला म्हणणारे होते, तसे टोपी फेकून डोंगरापलीकडे कुणा बाईकडे गेला म्हणणारेही होते. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. पाद्रीबाबा चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड बसवू म्हणाले, तर मावशीने साफ नकार दिला. "तो मेला की मला टाकून गेला, हे कळल्याशिवाय दगड नाही," म्हणाली. खिडकीजवळची त्याची खुर्ची तिने कुणाला बसायला दिली नाही.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, उजवा अंगठा सुजून कपसुद्धा धरवेना. तरी बोटांच्या अंदाजाने ती माश्या बांधायचीच. तिची लेक नोरा लीड्सहून आली आणि म्हणाली, आता तू माझ्याकडे चल. मावशी तयार झाली, पेटी भरली. मला हायसं वाटलं. रोज तिच्या घराचा चढ चढून सूप पोचवून माझे गुडघे गेले होते.

आणि नेमका तो मासा आला.

पुलाजवळच्या खाणावळीत स्वयंपाक माझ्याकडे. ट्राउट साफ करताना एकाच्या ओठात तित्तीर-नारिंगी रुतलेली दिसली, गळाच्या तुटलेल्या दोरीसकट. मी ती हसत मावशीकडे नेली. "घे, तुझं लेकरू घरी आलं."

तिने ती भिंगाखाली धरली, मग बोटांनी चाचपली.

"हे माझं नाही, डॉर्कस. वेढे उलटे आहेत. हे डाव्या हाताचं काम."

"असेल कुणी डावरा."

"या काठावर डावरा एकच होता. आणि पिसाआधी एक जादा वेढा आहे बघ. ती त्याचीच खोड. रेशीम वाया घालवतोस म्हणून मी भांडायचे." तिने गळाचं टोक माझ्या बोटाला लावलं. "गंज आहे का?"

गंज नव्हता. म्हणजे माशी नुकतीच बांधलेली होती.

पेटी उघडली गेली, कपडे पुन्हा कपाटात गेले. मावशी रोज दुपारभर पुलाखालच्या डोहाशी जाऊन उभी राहायला लागली. एनॉकला हाक मारायची, जेवायला बोलावतात तशी. मग ऐकायला थांबायची. धीट म्हणवणाऱ्यांनीही तिथे गळ टाकणं सोडलं. पूल ओलांडताना मीसुद्धा खाली बघत नसे. भीती वाटायची, उगाच कशाला खोटं बोलू?

नोरा न्यायला आली तेव्हा दोघींचं कडाक्याचं वाजलं.

"आई, बाबा बुडाले. कुणीतरी बांधली असेल ती माशी."

"कुणी? नाव सांग त्याचं. तो नदीच्या वरच्या अंगाला कुठेतरी आहे, आणि मी इथून हलणार नाही."

नोरा माझ्याकडे बघायला लागली. मी चहा ओतला. मावशी रागारागात माश्या बांधायला बसली आणि बांधता बांधता एनॉकचंच सांगत राहिली. तो बेसूर शीळ कसा घालायचा, ओटची भाकरी जाळून कसा खायचा. मी तिच्या हातांकडे बघत होते. गळ तिच्या उजव्या मुठीत होता. रेशीम डाव्या हातात होतं आणि सराईतपणे उलटं फिरत होतं. पिसाआधी त्या हाताने एक जादा वेढा घेतला.

"मावशी, थांब जरा," मी म्हणाले. "कुठल्या हाताने गुंडाळतेस?"

हात थांबले. तिने माशी चाचपली, मग पुन्हा चाचपली. नोराने सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ. अंगठा दुखतोय म्हणून हात बदललास आणि तुलाच कळलं नाही. ती माशी तुझीच होती."

मावशीने डावा हात टेबलावर ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा. "मी जन्मात या हाताने चमचा धरलेला नाही," ती हळूच म्हणाली. "आणि तो जादा वेढा मी कधीच घेत नाही."

चहा तसाच गार झाला.

मग मावशी उठली आणि कपाटातले कपडे पेटीत भरायला लागली, उजव्याच हाताने, अंगठा दुखत असूनही. "डॉर्कस, पाद्रीबाबांना सांग, दगड बसवा. एनॉक बुडाला. दुसरीकडे गेला असता, तर माझ्या हातात कशाला आला असता?"

दुसऱ्या दिवशी मी दोघींना बसवर सोडायला गेले. बस सुटल्यावर मावशीने काचेतून सुजलेला उजवा हात हलवला. डावा तिने शालीत गुंडाळून मांडीवर घेतला होता.