आठ वर्षांचं फूल

हेमचंद्र काकांकडे फुकट सल्ला आणि फिका चहा हमखास मिळतो. वय शहात्तर, निवृत्त इंजिनीअर, मुक्काम अमेरिकेतलं हर्नडन. मी शेजारच्या भाड्याच्या घरात राहते, म्हणून दोन्ही माझ्या वाट्याला येतात.

आठ वर्षांपूर्वी काका-काकूंनी परसातल्या ओकच्या सावलीत ट्रिलियमचं बी पेरलं. ही डोंगरातल्या झाडीत वाढणारी लिली, वसंतात फुलते. पण बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. रोपाला जेमतेम एक पान फुटलेलं बघून सुचित्राकाकू वारल्या. त्यानंतर काकांनी हरणांपासून जपायला रोपाभोवती जाळी लावली आणि ते वाट बघत बसले. "हे फूल बघायचंय, मग काय व्हायचं ते होऊ दे," असं ते मला सांगत.

यंदा एप्रिलमधल्या एका रविवारी संध्याकाळी पांढरी कळी अर्धवट उमलली. "उद्या सकाळी उन्हात बघू," काका म्हणाले.

सोमवारी पहाटे त्यांची एक्क्याऐंशी वर्षांची बहीण लताताई आंघोळ करून परसात गेली. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. बेलासारखी तीन पानं, तीन पाकळ्या, त्यात सोमवार. तिने जाळी बाजूला केली, देठ पानांसकट खुडला आणि महादेवाला वाहिला. काकांनी फूल पाहिलं ते देवघरात.

ताईने प्रसाद दिला, तो त्यांनी मुकाट्याने खाल्ला. दोन दिवस हे असंच चाललं. मला मात्र राहवेना, राग आला होता. मी ताईला सगळं सांगून टाकलं, पानं गेली की ते रोप बरेचदा जगत नाही हेसुद्धा.

ताईचा चेहरा उतरला. ती थेट काकांकडे गेली, मीही मागोमाग गेले.

"हेमू, ओरडला का नाहीस?"

"देवाला वाहिलंस. काय ओरडू?"

तिने खिडकीतून परसातल्या जाळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "परत पेरू."

"ताई, आठ वर्षं लागतात. मी चौऱ्याऐंशीचा होईन, तू एकोणनव्वदची."

"मग तुझ्याकडे नको. या रेणूच्या अंगणात पेरू. ही तरुण आहे, ही बघेल."

दोघंही माझ्याकडे बघत होते. काका तर चक्क हसत होते, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"पेरा ना काका," मी म्हणाले.

माझा व्हिसा पुढच्या मार्चला संपतो. ते काही मी बोलले नाही.