कागदावरच्या वंशबाई

संध्याकाळी मुलं आपापल्या घरी गेली की आमच्या ओसरीवर दोन गोष्टी उरायच्या. एक, कुणाची तरी चड्डी. दुसरी, दिवसभरातला एखादा किस्सा. चड्डी धुऊन दुसऱ्या दिवशी घरी जायची, किस्से मात्र आमच्याकडेच राहिले. आता इतके साठलेत की कुठला आधी सांगू तेच सुचत नाही. नोंदणीपासूनच सुरू करते, कारण माझी चूक त्यात आहे आणि ती मीच सांगितलेली बरी.

मी माळव्यातल्या धारेची, लग्न होऊन देवासला आले. घरात आमचे हे, मी आणि ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणायची, हे आक्का म्हणायचे, गल्ली आत्या म्हणायची. लग्नानंतर आठ महिन्यांत नवरा गेला तेव्हा वन्सं पंधरा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून त्या माहेरीच. "मी ह्या घरात कामाची आहे, नावाची नाही," असं कधीतरी पोळ्या लाटताना म्हणायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

*

सुरुवात एका नर्सबाईंनी केली. दवाखान्यात जाता जाता त्यांनी आपली मुन्नी आमच्या दारात उभी केली. "बाई, बस दो घंटे."

ते दोन तास तीन वर्षं चालले. मग सोनकच्छच्या शाळेत लागलेल्या मास्तरीणबाई सकाळच्या मोटारीला जाताना आपली जुळी ठेवून जाऊ लागल्या. मंडीत गहू निवडणाऱ्या बायका आल्या. होता होता बारा मुलं झाली.

तेवढ्यात संस्थानं जाऊन नवं सरकार आलं, आणि त्याला सगळ्याचे फॉर्म हवे होते. घरी लोकांची मुलं सांभाळता? कचेरीत नोंद करा. एका बाईला सहा मुलं, सातवं नाही. म्हणजे बारा मुलांसाठी कागदावर दोघींची नावं हवीत, नाहीतर सहा मुलं परत. मास्तरीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "जुळी घरी आली तर माझी नोकरी गेली समजा."

*

फॉर्मवर नावाला जागा एकच. कचेरीतले बाबूजी म्हणाले, "एक घर, एक मालकिन. ननद-भौजाई मिलके कैसे चलाएँगी? रोज झगड़ा होगा."

वन्सं म्हणाल्या, "बाबूजी, तुम देवास के ही हो ना? इस गाँव में राजे कितने थे?"

"दो."

"एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा. सड़क के इस बाजू एक का राज, उस बाजू दूसरे का. चला के नहीं?"

"चला तो."

"उनके तो चूल्हे भी अलग थे. हमारा तो चूल्हा भी एक है."

बाबूजींनी नावाच्या रकान्यात मधोमध रेघ मारली.

*

माझी चूक तिथेच झाली. मुन्नीला तहान लागली म्हणून वन्सं तिला नळावर घेऊन गेल्या. बाबूजींनी माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "वो दूसरी बाई साब का नाम?"

थोरल्या नणंदेचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे मी धारेहून शिकून आलेली. चौदा वर्षं कधी घेतलं नव्हतं. तोंडातून निघालं, "वन्सं."

"क्या?"

"वन्सं."

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

*

मग घर बघायला इन्स्पेक्टरसाहेब आले. शुद्ध हिंदी बोलणारा माणूस. ओसरी बघितली, पाण्याचा माठ बघितला, कागद काढला. "यहाँ बच्चों को शिक्षा दी जाती है?"

वन्संची चौथी मराठी शाळेतली. त्यांना शिक्षा म्हणजे मार. त्या ताडकन म्हणाल्या, "बिलकुल नहीं. हम शिक्षा के सख़्त ख़िलाफ़ हैं."

साहेबांचा पेन थांबला. "थोड़ी भी नहीं?"

वन्संना खोटं बोलवेना. "कोई बहुतच ऊधम करे तो कोने में ले जाके थोड़ी सी. पाँच मिनिट."

मी आतून धावत आले आणि हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीतली वेगळी, ते समजावून सांगितलं. साहेब हसून हसून बेजार झाले. पण कागदावर शाई वाळली होती. कागद आला तेव्हा त्यावर तसंच होतं: शिक्षा – कोने में, पाँच मिनट.

त्याच कागदावर वरती दोन नावं होती. एक माझं. दुसरं, श्रीमती वंशबाई.

*

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे म्हणाले, "राहू दे ना आक्का. बारा मुलं मंजूर झाली ना? कागदाला काय कळतंय?"

"कागदाला नसेल कळत. मला कळतंय."

आम्ही कचेरीत गेलो. बाबूजी म्हणाले, नाव बदलायचं तर फॉर्म नवा, तपासणी नवी, दोन महिने जातील. तोवर एकाच बाईची नोंद धरू. सहा बच्चे घर भेजो.

माझ्या डोळ्यांपुढे मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. मी वन्संचा पदर ओढला, म्हटलं चला, वंशबाई तर वंशबाई. त्यांनी पदर सोडवून घेतला आणि पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा मुलं घेऊन त्या कचेरीत हजर. सतरंजी बरोबर नेलेली. "बाबूजी, ये छह परत भेजनी थी ना? माँएँ काम पे गईं. दो महीने तुम रखो."

कचेरीच्या व्हरांड्यात सतरंजी पसरली. दूधभात झाला. मग निजायची वेळ झाली तशी मुलं ओळीनं निजली, आणि जुळ्यांपैकी एकानं फायलींचा गठ्ठा गादी समजून ओला केला.

बाबूजींनी स्वतः पेन हातात घेतला. "अरे भिया," माळव्यात भैयाचं भिया होतं, "बोलो बाई साब, क्या लिखूँ? ससुराल का नाम के मायके का?"

"सासरचं नाव आठ महिने वापरलं, ते तिथेच ठेवून आले. मथुरा लिहा. मथुराबाई."

त्यांनी जुन्याच कागदावर खोडून लिहिलं आणि शिक्का मारला. दोन महिने कुठे गेले ते कुणी विचारलं नाही.

*

संध्याकाळी ह्यांनी ओसरीवर तो कागद मोठ्यानं वाचला. मुन्नीची आई अजून यायची होती. मुन्नी तिथेच बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "ये मथुरा कौन है? नई आई क्या?"

"हाँ," वन्सं म्हणाल्या. "आज ही आई."

रोज सकाळी मुलांची हजेरी वन्संच घ्यायच्या, तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोळ्या राहिल्या होत्या म्हणून मी घेतली. बारा नावं झाली. मुलं उठायला लागली, पण मुन्नी जागची हलेना.

"मथुरा का नाम तो लिया ही नहीं."

मी म्हटलं, उद्या घेऊ. ती हटून बसली. आज म्हणजे आज. बारा मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पदर सावरला आणि म्हणाले, "मथुरा."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"हजर."