चार रंगीत खांब

परिषदेच्या सभागृहात पडद्यावर एका शिंप्याच्या डोळ्याचा फोटो होता. मधुमेहाने एक डोळा आधीच गेलेला आणि या उरलेल्या डोळ्यातही रक्त उतरलेलं. खाली चार पर्याय होते: इंजेक्शन, लेझर, शस्त्रक्रिया किंवा थोडं थांबणं. आम्ही दीडदोनशे नेत्रतज्ज्ञांनी मोबाइलवर बोट टेकवलं आणि पडद्यावर मतांचे चार रंगीत खांब चढू लागले. चारही जवळजवळ एकाच उंचीवर थांबले, तेव्हा सभागृहात हशा पिकला. मीही हसलो.

शेजारच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तुम्ही काय दाबलंत?"

मी "शस्त्रक्रिया" म्हणालो. दाबलं होतं इंजेक्शन. पण त्यांच्या मोबाइलवर मला शस्त्रक्रिया दिसली होती.

वक्त्याने शेवटी सांगितलं, की त्याने शस्त्रक्रियाच केली होती आणि डोळा गेला. दुसऱ्या उपायाने वाचला असता का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मग चहाची सुट्टी झाली.

आम्ही सगळे तीच पुस्तकं वाचून डॉक्टर झालो. तरी त्या शिंप्याला सुईत दोरा ओवता येणार की नाही, हे तो कोणाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढला यावर ठरलं असावं.

सोमवारी माझ्याकडे तसाच डोळा घेऊन एक बाई आल्या. मी उपाय सांगितला.

"दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी हेच सांगितलं असतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. मग संमतीचा कागद पुढे केला आणि सहीची जागा त्यांना दिसेना, म्हणून त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं.