घर दाखवणारी कॅसेट

शत्रुघ्नकाकांचा जुना डबा टीव्ही मीच भंगारात द्यायला लावला. आचोळे गावात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये शेजारी. नवा सपाट टीव्ही भिंतीवर चढवून मी वर त्यांचे पेढेही खाल्ले. मग कळलं, काकांच्या व्हीसीआरच्या लाल-पिवळ्या पिना लावायला नव्या टीव्हीला भोकंच नाहीत.

यमुनाकाकींना हल्ली काही आठवत नाही. रोज दुपारी त्या पिशवी भरून दाराशी उभ्या राहतात, "घरी चला." मग काका लेकीच्या लग्नाची कॅसेट लावायचे. मांडवामागे त्यांचं कौलारू घर दिसलं की काकी पिशवी खाली ठेवायच्या. ते घर पाडूनच आमची बिल्डिंग उभी राहिली.

मी कन्व्हर्टर मागवला, तर तो नव्या मशीनचं चित्र जुन्या टीव्हीला पोचवणारा निघाला. दुसरा बरोबर आला, पण महिनाभर उपाशी असलेल्या व्हीसीआरने कॅसेटची टेपच खाल्ली.

काकी दाराशी उभ्याच होत्या. मी रिमोट दाबून एक चॅनल लावलं आणि म्हणालो, "काका, चित्र मात्र काय स्वच्छ दिसतं हो."

"दिसतं ना. घर सोडून सगळं दिसतं."